पंख नसलेला पतंग, उबदार घरटं आणि एक उंदीर

(हा आमच्या एपिसोडचा लिखित मजकूर आहे. वाचायला सोपं जावं म्हणून मधे मथळे टाकलेत, बाकी बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय.)

आज ऐकायला सुरुवात करायच्या आधी एक छोटं काम करा. फोनवर मॅप उघडा आणि ‘मॅरियन आयलंड’ असं शोधा. सापडलं? आता हळूहळू झूम आउट करा. अजून करा. आजूबाजूला नुसतं निळं पाणीच दिसतंय ना? वर कुठेतरी दक्षिण आफ्रिकेचं टोक, खाली अंटार्क्टिका, आणि मधोमध हा एक ठिपका. केप टाउनहून आग्नेयेला दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतरावर. दक्षिण आफ्रिकेचं बेट आहे हे. विमानतळ नाही, गाव नाही, फक्त एक संशोधन केंद्र. वर्षातून एकदा, एप्रिल-मेच्या सुमाराला मोठं जहाज येतं, माणसं बदलतात, सामान उतरतं, आणि जहाज परत जातं.

आकार किती? साधारण २९० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून थोडंसं कमी. पण झाड म्हणाल तर एकही नाही. वर्षभराचं सरासरी तापमान पाच-सहा अंश. पाऊस, गारा, बर्फ, धुकं, सगळं एकाच दिवसात होऊ शकतं. आणि वारा! बेट आहे दक्षिणेकडच्या चाळिशीच्या अक्षांशांत. तिथल्या वाऱ्यांना खलाशी ‘गरजणारे चाळीस’ म्हणायचे, कारण पश्चिमेकडून येणाऱ्या त्या वाऱ्याला अडवायला वाटेत जमीनच जवळपास नाही.

अशा बेटाचं नाव निघालं की आपल्या डोळ्यांसमोर पेंग्विन येतात, सील येतात, मोठमोठे समुद्रपक्षी येतात. ते आहेतच. पण आज आपण वाकून जमिनीकडे बघणार आहोत, पालापाचोळ्यात. कारण ते बेट चालवणारे जीव तिथे आहेत. आणि सध्या मोठी अडचण त्यांचीच झालीये.

गवतात कोण कोण राहतं?

मॅरियनवर देशी जमिनीवरचा सस्तन प्राणी एकही नाही. म्हणजे माणसानं काही आणेपर्यंत तिथे ससा नव्हता, हरीण नव्हतं, उंदीरसुद्धा नव्हता. सरडे नाहीत, बेडूक नाहीत. जमिनीवर कायमची वस्ती करणारे बहुतेक सगळे जीव नखाएवढे किंवा त्याहून लहान.

आपल्याकडे तांदळाच्या डब्यात सोंड असलेला बारीक किडा सापडतो ना, सोंड्या? त्याच्या लांबच्या नात्यातले सोंडकिडे तिथे आहेत. मॉस आणि शेवाळ खातात. शेतकरी ज्याला ‘लाल कोळी’ म्हणतात, त्या जातकुळीतले माइट आहेत, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे. स्प्रिंगटेल आहेत. यांच्या पोटाखाली एक काटा दुमडलेला असतो, तो सटकन सुटला की हा जीव टुणकन उडी मारतो. कोळी आहेत, गांडुळं आहेत, गोगलगाय आहे.

बेटावर अझोरेला नावाची एक वनस्पती आहे. दिसायला अगदी हिरव्या उशीसारखी, गोल आणि गच्च. बाहेर वारा सोसाट्याचा, पण त्या उशीच्या आत शांत, ओलसर, थोडं उबदार. एकेका उशीत माइट आणि स्प्रिंगटेलची अख्खी वसाहत असते. चाळ म्हणा हवं तर.

आणि या सगळ्यांत आजचा हिरो म्हणजे एक पतंग. शास्त्रीय नाव ‘प्रिंगलिओफागा मॅरिओनी’. नाव मोठं आहे, पण घाबरू नका, आपण त्याला नुसतं ‘मॅरियनचा पतंग’ म्हणू. या पतंगाला उडता येत नाही. पंखांचे नुसते तुकडे उरलेत अंगावर. मोठा झाला की जमिनीवर सरपटतो, जोडीदार शोधतो, अंडी घालतो, संपला. त्याच्या आयुष्याचा जास्तीत जास्त काळ अळी म्हणून जातो, महिनोन्‌महिने, पाचोळ्याखाली.

पंख गेले कुठे?

आता तुम्ही म्हणाल, पतंगाला पंख नाहीत म्हणजे काहीतरी बिघाड झालाय. तसं नाहीये. दक्षिण महासागरातल्या बेटांवर जे देशी कीटक आहेत, त्यांतल्या जवळपास निम्म्या जातींना उडता येत नाही. पूर्ण जगाचा हिशेब केला तर हे प्रमाण साधारण पाच टक्के आहे. म्हणजे त्या बेटांमध्ये काहीतरी आहे, जे पिढ्यान्‌पिढ्या पंख काढून घेतं.

हे कोडं जुनं आहे. १८४० मध्ये जोसेफ हूकर हा तरुण वनस्पतितज्ज्ञ ‘एरेबस’ जहाजातून कर्गेलेनला गेला होता. कर्गेलेन म्हणजे मॅरियनच्याही पूर्वेला, त्याच महासागरातला बेटांचा मोठा समूह. हूकर हा चार्ल्स डार्विनचा जवळचा मित्र. बेटांवरचे कीटक उडेनासे का होतात, यावर दोघांचा बराच वाद झाला. डार्विनचं म्हणणं सरळ होतं. जो किडा उडतो, त्याला वारा उचलून समुद्रात फेकतो. जो जमिनीला चिकटून राहतो, तो वाचतो आणि त्याचीच पोरं वाढतात. असं हजारो पिढ्या चाललं की पंख जातात.

पटतं की नाही? पटतंच. पण पुरावा मिळायला दीडशेहून जास्त वर्षं गेली. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या रेचल लेही आणि स्टीव्हन चाऊन यांनी अंटार्क्टिक आणि आर्क्टिक भागातल्या बेटांवरच्या कीटकांची माहिती एकत्र करून तपासली. थंडी, शिकारी नसणं, बेट एकटं असणं, सगळी कारणं लावून बघितली. सगळ्यांत जोरदार कारण वाराच निघालं. फक्त ‘उडून समुद्रात पडतो’ एवढंच नाही. वाऱ्यात उडायला ताकद फार लागते. उडणं जमतच नसेल, तर पंख आणि पंखांचे स्नायू पोसायचे कशाला? ती शक्ती अंड्यांना लावलेली बरी.

हे समजायला आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमतात, आणि सकाळी केर काढताना नुसत्या पंखांचा ढीग सापडतो. ती वाळवी असते. एकदा उडून झालं, नवी जागा मिळाली, की ती स्वतःच पंख टाकून देते. पंख ही महागडी वस्तू आहे, काम असेल तेवढंच सांभाळायची. मॅरियनच्या पतंगानं तोच हिशेब केला, फक्त कायमचा.

आणि हा हिशेब तिथे बरोबरच होता. कारण जमिनीवर त्याला शोधून खाणारं जनावर नव्हतं. काही पक्षी त्याला टिपायचे, तेवढंच. पळायला पंख हवेत, पण पळायचं कुणापासून?

बेटाचा सफाई कामगार

आता या अळीचं काम काय, ते बघू.

आपल्याकडे गवत वाढलं की गाय खाते, शेळी खाते, आणि शेणातून ते मातीत परत जातं. मॅरियनवर चरणारं कुणी नाही. तिथली वनस्पती वाढते, वाळते आणि तशीच पडून राहते. थंडी इतकी की कुजण्याचं कामही हळू चालतं. मग त्या पाचोळ्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस मातीत परत कसं जाणार? तर अळ्या, सोंडकिडे, गांडुळं, माइट हे सगळे मिळून तो पाचोळा चघळतात, बारीक करतात, विष्ठेतून मातीत टाकतात. पुढचं काम सूक्ष्मजीव करतात. मॅरियनच्या पतंगाची अळी या टोळीतला सगळ्यांत मोठा खादाड जीव. ती नसेल तर पाचोळ्याची खतात रूपांतर होण्याची गतीच मंदावते.

थंडीचं ती काय करते? भारी गोष्ट आहे. उणे पाच अंशांच्या आसपास तिच्या अंगात खरोखरच बर्फ तयार होतो, आणि तरी ती मरत नाही. बर्फ वितळला की पुन्हा चालायला लागते. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. उणे सात-आठच्या खाली गेलं तर ती टिकत नाही. आणि पुन्हा पुन्हा गोठावं लागलं तर तिचं वजन घटतं. म्हणजे गोठणं तिला जमतं, परवडत मात्र नाही.

म्हणून तिनं हीटर शोधलाय.

अल्बॅट्रॉसच्या घरट्यातला हीटर

वाँडरिंग अल्बॅट्रॉस हा जगातला सगळ्यांत लांब पंखांचा पक्षी. पंख पसरले की साडेतीन मीटरपर्यंत. म्हणजे तुमच्या खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. हा पक्षी मॅरियनवर जमिनीवर घरटं करतो, चिखल आणि गवत रचून, छोट्या बुरुजासारखं. पिल्लू मार्चच्या सुमाराला अंड्यातून बाहेर येतं आणि अख्खा हिवाळा त्या घरट्यात बसून काढतं. आई-बाप समुद्रावर जाऊन अन्न आणतात, पिल्लू बसलेलंच.

आता एवढं मोठं पिल्लू महिनोन्‌महिने एकाच जागी बसलं तर खालची माती गरम होणारच. संशोधकांनी मोजलं, तर ज्या घरट्यात पक्षी आहे ते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा साधारण पाच अंशांनी उबदार निघालं. आणि त्या घरट्यांच्या भिंतींमध्ये पतंगाच्या अळ्या बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त सापडल्या. तिथे त्यांना गोठावं लागत नाही, वाढही चांगली होते.

म्हणजे चित्र बघा. वर, जगातले सगळ्यांत लांब पंख असलेला पक्षी. त्याच्या बुडाखाली, पंख सोडून दिलेला पतंग. पक्षी समुद्रातून अन्न आणतो, त्याची विष्ठा खत होते, त्याच्या अंगाची ऊब अळीला मिळते. अळी पाचोळ्याची माती करते, त्या मातीत गवत उगवतं, आणि त्याच गवताचं पुढच्या वर्षी घरटं होतं. कुणी कुणाला ओळखत नाही, पण शेजार पक्का आहे.

या दोघांत आणखी एक साम्य आहे. दोघांनाही जमिनीवरून येणाऱ्या शत्रूची सवयच नाही. ते पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

मग जहाजातून उतरला उंदीर

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सील मारणारे शिकारी मॅरियनवर यायला लागले. कातडी हवी होती, चरबी हवी होती. त्यांच्या जहाजांतून उंदीर उतरले. घूस नव्हे बरं का. आपल्या स्वयंपाकघरात फिरतो, तोच लहानखुरा घरातला उंदीर.

पुढे १९४० च्या दशकाच्या शेवटी बेटावर हवामान केंद्र सुरू झालं. तिथे उंदरांचा त्रास होता, म्हणून पाच मांजरं आणली. पाच! तुम्हाला अंदाज आलाच असेल. १९७० च्या दशकात त्यांची संख्या दोन हजारांच्या वर गेली होती. मांजरांना उंदरापेक्षा बिळातले समुद्रपक्षी पकडणं सोपं वाटलं. वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास पक्षी ती मारत होती, असा त्या काळातला अंदाज आहे. मग मांजरं हटवायची मोहीम निघाली. विषाणू सोडला, रात्री बंदुका घेऊन माणसं फिरली, सापळे लावले. १९९१ पर्यंत बेट मांजरमुक्त झालं. पक्ष्यांना दिलासा मिळाला.

उंदीर मात्र राहिला. आणि त्याच काळात बेटाचं हवामान बदलत होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून शतक संपेपर्यंत मॅरियनचं सरासरी तापमान एक अंशाहून जास्त वाढलं, पाऊसही कमी झाला. आपल्याला एक अंश म्हणजे काहीच वाटत नाही, पंखा एकनं वाढवला की झालं. पण थंडी-पावसात गारठून मरणाऱ्या उंदरासाठी ही मोठी सवलत होती. हिवाळा सोपा झाला, पिल्लं घालायचा हंगाम लांबला. उन्हाळ्याच्या शेवटी उंदरांची संख्या जेवढी पूर्वी असायची, त्याच्या कितीतरी पट झाली.

आणि एवढे उंदीर खातात काय? गवताचं बी खातात, पण सगळ्यांत आवडतं खाणं म्हणजे आपली अळी. मऊ, मोठी, प्रथिनांनी भरलेली, पळत नाही, उडत नाही. त्यानंतर सोंडकिडे, कोळी, गांडुळं.

शेजारचं बेट काय सांगतं?

‘हे उंदरांमुळेच झालं कशावरून?’ असा प्रश्न तुम्ही विचारायला हवा. चांगला प्रश्न आहे. त्याचं उत्तर मॅरियनपासून फक्त वीसेक किलोमीटरवर आहे. प्रिन्स एडवर्ड नावाचं छोटं बेट. तेच हवामान, तीच झाडंझुडपं, तेच पक्षी, तोच वारा. फरक एवढाच की तिथे उंदीर कधी पोचलाच नाही. निसर्गानं स्वतःच प्रयोग मांडून ठेवल्यासारखं आहे. तिथे माणसांनाही क्वचितच उतरू देतात, फार कडक परवानगी लागते.

दोन्ही बेटं शेजारी ठेवून बघितली की फरक कळतो. प्रिन्स एडवर्डवर अळ्या आणि मोठे सोंडकिडे भरपूर आहेत. मॅरियनवर जमिनीतल्या या जिवांचं एकूण वजन खूपच घटलंय. मॅरियनच्या काही सोंडकिड्यांचा सरासरी आकारही काळाबरोबर लहान होत गेला, असं संशोधकांनी नोंदवलंय. कारण उंदीर मोठे किडे आधी उचलतो, बारक्यांना सोडतो.

याचा फटका आणखी एकाला बसला. शीथबिल नावाचा एक पांढरा पक्षी आहे, कबुतरापेक्षा जरा मोठा. हिवाळ्यात पेंग्विनच्या वसाहतीत खायला कमी असतं, तेव्हा तो गवतातले किडे टिपून दिवस काढायचा. मॅरियनवर त्याची संख्या कमी झाली. प्रिन्स एडवर्डवर तशी झाली नाही. उंदरानं शीथबिलला हातही लावला नव्हता, फक्त त्याचं ताट रिकामं केलं.

अळ्या संपल्या, मग पुढे कोण?

इथून गोष्ट अवघड होते. पोरं शेजारी बसून ऐकत असतील तर एखादा मिनिट पुढे ढकला.

२००३ मध्ये मॅरियनवर पहिल्यांदा लक्षात आलं की उंदीर अल्बॅट्रॉसच्या पिल्लांना जिवंतपणी कुरतडतायत. रात्री येतात, घरट्यात बसलेल्या पिल्लाच्या डोक्यावर, पाठीवर चढतात आणि खातात. पिल्लू उठत नाही, झटकत नाही. त्याच्या पूर्वजांना जमिनीवरून येणारा शत्रू कधी भेटलाच नव्हता, त्यामुळे काय करायचं हे त्याला माहीतच नाही. २०१५ मध्ये हे हल्ले बेटावर बऱ्याच ठिकाणी दिसायला लागले. २०२३ मध्ये तर प्रौढ वाँडरिंग अल्बॅट्रॉसही उंदरांच्या चाव्यांनी मेलेले सापडले. विंचवाएवढ्या वजनाचा म्हणा ना, तो जीव, आणि साडेतीन मीटर पंखांचा पक्षी! जगातल्या वाँडरिंग अल्बॅट्रॉसपैकी जवळजवळ पाव हिस्सा मॅरियनवर घरटी करतो, हे लक्षात घ्या.

बातमी झाली ती पक्ष्यांची. व्हिडिओ फिरले ते पक्ष्यांचे. साहजिक आहे. पण उंदीर तर तिथे दोनशे वर्षं होते, मग आत्ताच पक्ष्यांवर का उलटले? संशोधकांचं म्हणणं असं की उंदीर वाढले, त्यांनी किडे फस्त केले, आणि हिवाळ्यात खायला उरलं नाही तेव्हा त्यांची नजर घरट्यांकडे वळली. म्हणजे धोक्याची घंटा आधी पाचोळ्यात वाजली होती. ती ऐकली ती थोड्या कीटकतज्ज्ञांनी. बाकी जगाला ऐकू आली ती पक्षी मरायला लागल्यावर.

उंदीर एकटाच नाही

मॅरियनवर आणि कर्गेलेनवर एक रानटी कोबी उगवते. मोठी हिरवी पानं, मधे कणीस. जुने खलाशी स्कर्व्ही होऊ नये म्हणून ती खायचे. आपल्या पतंगाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘ही कोबी खाणारा’ असा आहे. गंमत म्हणजे बहुतेक मोहरीवर्गीय झाडांचं परागीभवन किडे करतात, पण ही कोबी ते काम वाऱ्याकडून करून घेते. उडणारे किडेच नसतील तर करणार काय! ज्या वाऱ्यानं किड्यांचे पंख घेतले, त्यालाच झाडानं कामाला लावलं.

१९८६ च्या सुमाराला मॅरियनवर या कोबीच्या पानांना एक नवी अळी लागलेली दिसली. ही अळी कोण, माहितीये? आपल्या नाशिक-पुण्याच्या कोबी-फ्लॉवर करणाऱ्या शेतकऱ्यांची जुनी ओळखीची. चौकोनी ठिपक्यांचा पतंग! शेतकऱ्याला डोकेदुखी देणारी तीच कीड, जगाच्या त्या टोकाला.

कर्गेलेनची गोष्ट वेगळी, पण धडा तोच. १९१३ मध्ये तिथे मेंढ्या पाळायचा प्रयत्न झाला. मेंढ्यांच्या चाऱ्याबरोबर एक छोटा शिकारी भुंगेरा आला. मेंढपाळी फार वर्षं टिकली नाही, भुंगेरा मात्र टिकला आणि पसरला. तिथल्या बिनपंखांच्या माश्या तो खातो. त्यांनाही पळता येत नाही.

म्हणून आता या बेटांवर जाणाऱ्या माणसांची बॅग, बुटांचे तळ, जॅकेटचे खिसे, वेल्क्रोच्या पट्ट्या, सगळं तपासतात आणि साफ करतात. वेल्क्रोत अडकलेलं गवताचं एक बी सुद्धा चालत नाही. ऐकायला जास्तच वाटतं, पण पाच मांजरांची गोष्ट आठवा.

आता करायचं काय?

दक्षिण आफ्रिकेचं पर्यावरण खातं आणि ‘बर्डलाइफ साउथ आफ्रिका’ ही संस्था मिळून मॅरियन उंदीरमुक्त करायची तयारी करतायत. पद्धत अशी की हिवाळ्यात, उंदीर उपाशी असताना, हेलिकॉप्टरनं पूर्ण बेटावर विषारी आमिषाच्या गोळ्या टाकायच्या. ‘पूर्ण’ म्हणजे पूर्ण. एक कडा, एक खड्डा सुटला आणि तिथे उंदराची एक जोडी वाचली, तर सगळं पाण्यात.

हे भीतीपोटी बोलत नाहीये. अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर २०२१ मध्ये अशीच मोहीम झाली. मोठा खर्च, मोठी मेहनत. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅमेऱ्यात एक उंदीर दिसला. मोहीम फसली. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाचं मॅक्वारी बेट २०१४ मध्ये ससे, घुशी आणि उंदीर यांच्यापासून मुक्त जाहीर झालं, आणि न्यूझीलंडचं अँटिपोडीस बेट २०१८ मध्ये उंदीरमुक्त ठरलं. म्हणजे होऊ शकतं. पण मॅरियन या दोन्हींपेक्षा खूप मोठं आहे. एका दमात एवढ्या मोठ्या बेटावरून उंदीर हटवणं अजून कुणाला जमलेलं नाही.

इथे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, विषानं किडे नाही का मरणार? हे विष रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतं. कीटकांच्या शरीरातली व्यवस्था आपल्यापेक्षा आणि उंदरापेक्षा वेगळी असते, त्यामुळे त्यांना त्याचा तसा धोका नाही. काही पक्ष्यांना मात्र आहे. शीथबिलसारखे पक्षी गोळ्या किंवा मेलेले उंदीर खाऊ शकतात, आणि त्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. उंदराचा काय दोष? काहीच नाही. तो स्वतः तिकीट काढून आला नव्हता. आपण आणला, मग त्याला आवरायला मांजर आणली, मग हवामानही त्याच्या सोयीचं करून दिलं. लाखो उंदीर मारणं ही आनंदाची गोष्ट नाही, आणि जे लोक या मोहिमेवर काम करतायत तेही तसं म्हणत नाहीत. पण काहीच न करणं म्हणजेही एक निर्णयच असतो. त्याची किंमत अळी देतेय, सोंडकिडा देतोय, पिल्लू देतंय.

जाता जाता

आपण मॅरियनला बहुतेक कधीच जाणार नाही. ते बरंच आहे, तिथे जितके कमी बूट लागतील तितकं चांगलं. पण एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे.

कुठलंही जंगल, डोंगर, बेट ठीक आहे की नाही हे बघायला आपण मोठे प्राणी मोजतो. वाघ किती, हत्ती किती, अल्बॅट्रॉस किती. ते मोजायलाच हवेत. पण मॅरियननं दाखवलं की मोठा प्राणी पडतो तेव्हा उशीर झालेला असतो. खाली पाचोळ्यात आधीच कुणीतरी कमी झालेलं असतं. आणि उंदीर खरंच गेले, तर बेट सुधारतंय की नाही हेही आधी तिथेच कळेल. अल्बॅट्रॉसची संख्या वाढायला अनेक वर्षं लागतात, कारण हा पक्षी दोन वर्षांतून एकदा एकच अंडं घालतो. अळ्या मात्र लवकर सांगतील. घरट्याची माती उकरली आणि हाताला चार जास्त लागल्या, की समजायचं.

तर पुढच्या वेळी सोसायटीच्या कोपऱ्यातला ओला पाचोळा दिसला, तर एखादं पान उचलून खाली बघा. आणि काय दिसलं ते आम्हाला व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. उडी मारणारं बारीक काही दिसलं, तर ते बहुतेक स्प्रिंगटेल असेल, मॅरियनवाल्यांचं इथलं भावंड.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हो, ट्रेकला जाताना बूट झटकून जा!